आवडत्या विज्ञानकथा-कलाकारांना संमेलनात भेटणे : पैसे नेमके कशासाठी मोजावेत?

निळातारा :
नमस्कार. माझे वडील सध्या आमच्याकडे कॅलिफोर्नियात आले आहेत. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागत असे, तेव्हापासून ते त्या मालिकेचे चाहते आहेत आणि त्यांचा विशेष जीव जॉर्ज टाकेई यांनी साकारलेल्या सुलूवर आहे. मूळ संचातील प्रमुख कलाकारांपैकी आता विल्यम शॅटनर, टाकेई आणि वॉल्टर केनिग एवढेच हयात आहेत आणि तिघांनीही पंच्याऐंशी ओलांडली आहे. म्हणून यंदा लास व्हेगासला भरणाऱ्या 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या संमेलनाला बाबांना घेऊन जावे असे मनात आहे. मात्र प्रवेशिकेखेरीज स्वाक्षरीचे पैसे वेगळे आणि सोबत छायाचित्र काढण्याचे वेगळे, हे पाहून गोंधळ उडाला आहे. दोन्हींपैकी एकच निवडायचे असेल तर काय निवडावे? बाबांना फार वेळ उभे राहवत नाही, हेही लक्षात घ्यावे.

जर्सीकर :
बाबांना दोन शब्द बोलायचे असतील तर स्वाक्षरीच निवडा. छायाचित्राच्या दालनात रांग इतक्या वेगाने पुढे सरकते की पडद्याआड गेल्यावर कलाकाराच्या शेजारी उभे राहायचे, झगमगाट होतो आणि स्वयंसेवक नम्रपणे पण ठामपणे बाहेरची वाट दाखवतो; नमस्कारापलीकडे काही बोलण्याची तिथे सोयच नसते. नामवंतांच्या बाबतीत त्या काही सेकंदांसाठी शंभर डॉलरच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक, मोजावे लागतात. चित्र सुरेख येते, हे मान्य. भिंतीवर लावायचे असेल तर तेही घ्यावे.

स्वाक्षरीच्या मेजावर मात्र कलाकार बसलेला असतो, तुम्ही समोर असता आणि पेन कागदावर फिरत असते तेवढा वेळ हक्काचा असतो. मेजावर ठेवलेले छायाचित्र बहुधा त्याच दरात मिळते, पण घरून आणलेली वस्तूही पुढे करता येते. ती गडद रंगाची असेल तर चंदेरी शाईचे पेन सोबत असू द्या, कारण काळ्या पार्श्वभूमीवर काळी स्वाक्षरी दिसतच नाही. शेजारचा मदतनीस तुमचे नाव एका चिकटचिठ्ठीवर लिहून घेतो आणि ती पाहून कलाकार नाव लिहितो. आपली नावे तिथे हमखास चुकतात, तेव्हा बाबांचे नाव मोठ्या रोमन अक्षरांत आधीच लिहून न्यावे. काही मेजांवर अजूनही रोखच घेतात, हेही ध्यानात असावे.

उभे राहण्याबद्दल म्हणाल, तर ज्येष्ठांसाठी आणि चालण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी मोठ्या संमेलनांत वेगळी व्यवस्था असते. नोंदणीच्या खिडकीवर पोहोचताच ती मागावी, रांगेत ताटकळल्यानंतर नव्हे.

कोरडाठाक :
मला हा सारा प्रकार पटत नाही. ज्याच्या कामावर आपण प्रेम केले त्याच्या स्मितहास्याचे दरपत्रक भिंतीवर लावलेले पाहिले की भेटीतला आनंदच ओसरतो. त्यापेक्षा सभागृहातला प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम ऐकावा, तो प्रवेशिकेत अंतर्भूत असतो, आणि घरी यावे.

दुर्बीण :
कोरडाठाक, दरपत्रक मलाही खटकते, पण ते कुठून आले हेही पाहावे. 'स्टार ट्रेक' १९६६ ते १९६९ या काळात प्रथम प्रक्षेपित झाली आणि तिला खरी लोकप्रियता त्यानंतरच्या पुनःप्रक्षेपणांत मिळाली. परंतु त्या काळच्या करारांनुसार कलाकारांना मानधनाचा वाटा पहिल्या काही पुनःप्रक्षेपणांपुरताच मिळत असे. मालिका जगभर वर्षानुवर्षे दिसत राहिली आणि तिच्यातल्या दुय्यम कलाकारांना त्यातून जवळपास काही मिळाले नाही. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांनी स्वतःच संमेलन भरवले, तेव्हा काहीशे लोक येतील असा अंदाज होता आणि तीन हजारांहून अधिक आले. अशा संमेलनांचा पुढे व्यवसाय झाला आणि अनेक कलाकारांचा संसार त्यावर चालला. आजही आयोजक बहुधा एक किमान रक्कम कबूल करतो. मेजावरची कमाई तिच्या पुढे गेली तर वरचे पैसे कलाकाराचे. म्हणजे ज्या मेजापुढे रांग नाही, तिथला कलाकारही निदान रिकाम्या हाताने परतत नाही.

आणि या भेटींतून केवळ सह्याच निघाल्या असेही नाही. उहुरा साकारणाऱ्या निशेल निकोल्स यांनी १९७५ साली शिकागोच्या संमेलनात नासाचे येस्को फॉन पुटकामर यांचे व्याख्यान ऐकले आणि त्यांना अंतराळ-कार्यक्रमाची ओढ लागली. १९७७ मध्ये त्यांनीच नासासाठी स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अर्ज करण्याचे आवाहन करत देश पालथा घातला, आणि १९७८च्या तुकडीत सॅली राइड, गायन ब्लुफर्ड यांच्यासारखे अंतराळवीर निवडले गेले. स्कॉटीची भूमिका करणारे जेम्स डूहन यांनी सांगितलेला प्रसंग तर अधिक खोल आहे. आत्महत्येचा विचार करणाऱ्या एका मुलीचे पत्र आल्यावर त्यांनी तिला दूरध्वनी करून आपल्या संमेलनाला बोलावले, मग पुढच्या संमेलनाला, मग त्याच्या पुढच्या, असे करत दोनतीन वर्षे तिला धरून ठेवले. नंतर संपर्क तुटला. कित्येक वर्षांनी तिचे पत्र आले, तेव्हा तिने इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी मिळवली होती.

कोरडाठाक :
करारांची बाब मला ठाऊक नव्हती आणि ती महत्त्वाची आहे. दरांविषयीचे माझे मत तरीही कायम आहे, कारण आज सर्वांत जास्त दर लावतात ते बहुधा ज्यांना पैशांची सर्वांत कमी गरज आहे तेच.

निळातारा :
सर्वांचे आभार. स्वाक्षरी घ्यायचे ठरवले आहे. आता बाबांची एक अडचण : टाकेई यांच्याशी बोलायचे काय? त्यांचे बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी वंशाच्या अमेरिकनांसाठीच्या नजरकैद छावण्यांत गेले, त्याविषयी विचारणे औचित्याला धरून होईल का?

जर्सीकर :
अवश्य होईल. त्या छावण्यांविषयी ते अनेक दशके जाहीरपणे बोलत आणि लिहीत आले आहेत. फक्त लांबलचक प्रस्तावना नको, मागे रांग असते. दूरदर्शनवर त्यांना पाहिले होते, इतकेच बाबांनी सांगितले तरी पुढचे प्रश्न तेच विचारण्याची शक्यता अधिक. त्यांचा प्रसिद्ध उद्गार 'ओह माय' म्हणून दाखवा, अशी विनंती मात्र बाबांना करू देऊ नका. दिवसभर प्रत्येक जण तीच करत असतो.

दुर्बीण :
मेजावर वेळ कमी पडलाच, तर तोच प्रश्न सभागृहातल्या प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवा. तिथे सविस्तर उत्तर मिळते आणि बाबांना बसून ऐकता येते. ध्वनिक्षेपकापाशी प्रश्न विचारायला तुम्ही उभे राहिलात तरी चालेल.