मदत हवी आहे: बाबांसमोर धीर, मागीलदारी रडू

देवगडहून लिहितेय. बाबांना आतड्याचा कॅन्सर आहे. दर २१ दिवसांनी केमो. कणकवलीहून तुतारी एक्सप्रेस, दादर, मग परळला टाटा. ती धावपळ जमते हो. जमत नाही ते घरी आल्यावर.

काल बांगड्याचं तिखलं केलं, त्यांच्या आवडीचं. वासानेच ताट सरकवलं आणि वर मलाच म्हणाले, "तू जेव गो बाय." मागीलदारी नळ सोडून रडले, आवाज नको म्हणून.

आईला अजून 'अल्सर'च सांगितलंय. काकांचा हट्ट, मला मुळीच पटलेला नाही. शेजारी म्हणतात, देवाला गाऱ्हाणं घाल. घातलं. झोप मात्र नाही.

कोणी यातून गेलंय का? आईला कसं सांगितलंत? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कोणी बोललंय का? मोकळं बोलता येतं?