दहा बाय बाराच्या खोलीत शास्त्रीय संगीतासाठी कोणते स्पीकर घ्यावेत?

प्रश्न: खर्जषड्ज, प्रताप नगर, नागपूर

नमस्कार. माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. उमेदीच्या काळात त्यांनी आकाशवाणीवर आणि प्रत्यक्ष मैफलींत भरपूर गाणे ऐकले. आता गुडघ्यांच्या त्रासामुळे सभागृहाच्या पायऱ्या चढणे त्यांना जमत नाही, म्हणून घरातच त्यांना नीट ऐकता यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. खोली १० फूट रुंद, १२ फूट लांब आणि १० फूट उंच आहे. खाली गुळगुळीत टाइल्स आहेत, एका भिंतीला दिवाण लागून आहे आणि खिडकीत कूलर बसवलेला आहे. स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर मिळून ६०,००० रुपयांपर्यंत खर्च करता येईल.

मागील आठवड्यात एका मित्राने त्याचे जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर वापरून पाहण्यासाठी दिले होते. ते दिवाणासमोरच्या दोन कोपऱ्यांत ठेवले. विलंबित ख्याल लावला, तेव्हा डग्ग्याची मींड ऐकताना एक विशिष्ट सूर आला की आवाज खोलीभर फुगत असे आणि पुढच्याच सुरावर तो ओसरत असे. तानपुरा तर जवळजवळ नाहीसाच झाला होता. वडिलांनी दहा मिनिटांत बंद करायला सांगितले. दोष स्पीकरचा आहे की खोलीचा, आणि अशा खोलीत नेमके काय घ्यावे?

उत्तर १: जवारी

आपण ऐकलेला दोष बहुतांशी खोलीचा आहे, आणि तो गणिताने दाखवता येतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतराच्या दुप्पट लांबीची ध्वनिलहर त्या खोलीत ठाण मांडून बसते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धरला, तर आपल्या १२ फुटांच्या लांबीसाठी ती कंपनसंख्या ४७ हर्ट्झच्या आसपास येते आणि १० फुटांसाठी ५६ च्या आसपास. शिवाय आपल्या खोलीची रुंदी आणि उंची सारखीच असल्याने ५६ वर दोन्ही परिणाम एकावर एक चढतात. यांच्या दुपटी, म्हणजे सुमारे ९४ आणि ११३ हर्ट्झ, डग्ग्याच्या मींडेच्या वाटेतच पडतात. वादक मनगटाने दाब देऊन सूर चढवत नेतो आणि तो सूर या ठिकाणांवरून गेला की खोली त्याला आपल्याकडून जोर देते. स्पीकर कोपऱ्यात ठेवल्याने हा जोर सर्वाधिक होतो, कारण कोपऱ्यात तिन्ही दिशांचे परिणाम एकाच वेळी जागे होतात.

त्यामुळे मोठे स्पीकर मनातून काढून टाकावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या संगीताची गरज मुळातच वेगळी आहे. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ वर. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेची खर्जाची तार १०४ च्या आसपास येते. त्यातही तानपुऱ्याचा प्राण मूळ सुरापेक्षा त्यातून उमलणाऱ्या स्वयंभू सुरांत, म्हणजे मूळ सुरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या सुरांत आहे. तार घोडीच्या पसरट, किंचित उतरत्या पृष्ठभागाला चाटून जाते आणि जीवा (तार आणि घोडी यांमधला दोरा) योग्य जागी सरकवला की तो झंकार उघडतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले की, तार ज्या बिंदूवर छेडली त्यामुळे जे स्वयंभू सूर नियमाने उमटायलाच नकोत, तेही तानपुऱ्यात आणि वीणेत उमटतात. (हेच रामन १९१० मध्ये वित्त खात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते. नागपूरकर म्हणून मला याचे फार अप्रूप वाटते.)

याचा स्पीकरशी संबंध असा की, हा झंकार काही हजार हर्ट्झपर्यंत पसरलेला असतो आणि दोन पडद्यांच्या बहुतेक स्पीकरांत वूफरकडून (खालच्या सुरांचा पडदा) ट्वीटरकडे (वरच्या सुरांचा पडदा) आवाज सोपवण्याची जागा, म्हणजे क्रॉसओव्हर, दोन ते तीन हजार हर्ट्झच्या दरम्यान असते. तिथे जोड नीट बसला नसेल तर तानपुरा दोन तुकड्यांत ऐकू येतो: खाली नुसती गुणगुण, वर तारांची किणकिण. दुकानात जाल तेव्हा केवळ तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण सोबत न्या, ते लावून खुर्चीत बसा, मग उभे राहा, पुन्हा बसा. जागा बदलताच नादाचा रंग पार बदलत असेल तर तो स्पीकर लहान खोलीसाठी घेऊ नये. दुसरी परीक्षा जुन्या मोनो ध्वनिमुद्रणाची. गायकाचा आवाज दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्यातून, एका माणसाच्या तोंडातून यावा तसा आला पाहिजे.

चार ते पाच इंचांचा वूफर आणि शक्यतो बंद (हवेसाठी भोक नसलेली) पेटी असा स्पीकर मी निवडेन. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए हा जेमतेम पाच लिटरचा, बंद पेटीचा स्पीकर घडवला, तो गाडीत बसून माणसाचा आवाज पारखता यावा म्हणूनच. आपली अडचण त्याच जातीची आहे.

उत्तर २: मृदंगप्रेमी

वरील विवेचनाशी मी बराचसा सहमत आहे, परंतु बंद पेटीच्या आग्रहाशी नाही. चार इंचांच्या वूफरवर ख्याल उत्तम वाजेल, पण धृपद लावल्यावर पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा भरदार नाद अर्धाच उरतो आणि सुरबहारचा खर्ज पोकळ होतो. घरी धृपद ऐकले जात असेल तर साडेपाच ते साडेसहा इंचांचा वूफर घ्यावा. पेटीला मागे भोक असल्यास आणि स्पीकर भिंतीजवळ ठेवावा लागल्यास त्या भोकात स्पंजचा गोळा बसवावा. खालचा फुगवटा लगेच कमी होतो आणि हवे तेव्हा गोळा काढूनही घेता येतो. वूफरची कड मात्र रबराची आहे ना, हे पाहून घ्या. फोमची कड वर्षांनुवर्षांत भुसभुशीत होऊन झडते. माझ्या जुन्या जोडीची कड अशीच गेली, आणि उन्हाळ्यात कूलरची दमट हवा थेट तिच्यावर येत असे.

उत्तर ३: काळी चार

स्पीकरच्या आधी खोलीकडे पाहा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकदा टाळी वाजवा. टाळीमागे कर्रकन शेपूट ऐकू आली, तर तानांच्या प्रत्येक स्वरामागेही तीच शेपूट लागणार. टाइल्सवर जाड सतरंजी, दिवाणावर कापसाची गादी आणि बाजूच्या भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

मांडणी अशी करून पाहा. १० फुटांच्या भिंतीसमोर, तिच्यापासून अडीच फूट पुढे, एकमेकांपासून सहा फुटांवर स्पीकर ठेवा. वडिलांची खुर्ची त्यांच्यापासून साडेसहा फुटांवर असली, तर तिच्यामागे अजून तीन फूट मोकळे राहतात. भिंतीला डोके टेकून ऐकले की खालचे सूर फुगलेलेच ऐकू येतात, म्हणून दिवाणावरून ऐकणे सोडावे लागेल. खुर्चीत बसलेल्याचा कान जमिनीपासून साधारण ४० इंचांवर असतो आणि गादीवर बसलेल्याचा ३० इंचांच्या आसपास. ट्वीटर वडिलांच्या कानाच्या उंचीवर असावा, आणि आपण शेजारी खाली बसणार असाल तर स्पीकर पुढे अगदी किंचित झुकवावा. लोखंडी स्टँड ओळखीच्या वेल्डरकडून करून घेता येतो. त्याच्या पोकळ नळ्यांत कन्हान नदीची वाळू चाळून, उन्हात खडखडीत वाळवून भरावी, म्हणजे स्टँड स्वतः वाजत नाही.

अ‍ॅम्प्लिफायरवर फार खर्च करू नका. एवढ्या अंतरावरून गाणे ऐकताना बहुतेक वेळ एक वॉटही लागत नाही. समेवरच्या थापेसाठी राखीव ताकद धरूनही ३० ते ५० वॉट पुरतात. एप्रिल ते जूनमध्ये मात्र कूलर चालू ठेवून आवाज वाढवत नेण्याचा मोह टाळावा. कूलरच्या घरघरीत सगळ्यात आधी तानपुराच बुडतो. आमच्याकडे त्या दिवसांत पहाटे कूलर बंद करून तोडी आणि भैरव ऐकतात.

प्रश्नकर्ता: खर्जषड्ज

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मित्राचे स्पीकर परत करण्यापूर्वी काल पहाटे कूलर बंद केला, ते कोपऱ्यांतून अडीच फूट पुढे ओढले, सतरंजी अंथरली आणि वडिलांना दिवाणाऐवजी खुर्चीत बसवले. डग्गा अजूनही थोडा फुगतो, पण पूर्वीच्या मानाने निम्माच. मग केवळ तानपुरा लावला. वडील डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "दुसरी जोडतार जरा चढी आहे रे." (म्हणजे एकाच सुरात लावलेल्या मधल्या दोन तारांपैकी दुसरी.) तीन वर्षांत त्यांनी तानपुऱ्याविषयी काही बोलल्याचे मला आठवत नाही.

आमच्याकडे धृपद क्वचितच लागते, त्यामुळे पाच इंचांची जोडी घ्यायचे ठरवतो आहे. विक्रेता दोन दिवस घरी ठेवून पाहू देण्यास तयार आहे. त्याच ध्वनिमुद्रणावर वडिलांना ती जोडतार पुन्हा तशीच चढी ऐकू आली तरच पैसे देईन, आणि स्टँडची उंची त्यांच्या खुर्चीवरून मोजूनच वेल्डरला सांगेन.