टेक्सासचा शॉर्ट-टर्म (तात्पुरता) आरोग्य विमा न्यू जर्सीत चालेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ह्यांची डॅलसमधली नोकरी गेली. नवीन न्यू जर्सीत मिळालीय, पण तिथला विमा सुरू व्हायला तीन महिने आहेत. एजंट शॉर्ट-टर्म प्लॅनसाठी मागे लागलाय. हप्ता खरंच कमी आहे, पण अर्जात पहिलाच प्रश्न मधुमेहाचा! फ्रीजमध्ये इन्सुलिनची दोनच पेनं उरलीत, आणि हे प्लॅन जुने आजार धरतच नाहीत. शिवाय न्यू जर्सीत ते विकायलाच बंदी, टेक्सासमध्ये चालतात. मग मध्येच घर हलवलं तर क्लेम मिळतो का? कोब्रा (नोकरी सुटल्यावर जुन्या कंपनीचाच विमा स्वतः हप्ता भरून चालू ठेवायची सोय) घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस असतात, तो मागच्या तारखेपासून लागू होतो. पण हप्ता फारच डोईजड आहे. राज्य बदलताना कुणी मार्केटप्लेसमधून (सरकारी आरोग्य विमा बाजारातून) विमा घेतलाय का? कृपया सांगा, जीव टांगणीला लागलाय.