शब्दचर्चा: ‘काय हा अवतार!’

खडूफळा

परवा सकाळी पोळ्या लाटत होते. बाहेरून कन्येचा आवाज आला, “आई, माझा नवा अवतार बघ ना, केस जांभळे केलेत!” लाटणं हातात घेऊनच धावले. केस जागच्या जागी, काळे, आणि विंचरलेलेही नाहीत. जांभळे केस टॅबमधल्या बाहुलीचे होते. सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, “तुझा अवतार रोजच बघतोय गं आम्ही. आधी आंघोळ कर.”

गंमत म्हणजे त्या दोघींना एकमेकींचं बोलणं नीट कळलं, मधल्या मध्ये मीच अडकले. मत्स्य, कूर्म, वराह यांच्यासाठी असलेला शब्द गेमवाल्यांनी आणि जेम्स कॅमेरूनच्या ‘अवतार’ या निळ्या माणसांच्या सिनेमाने पळवून पार स्वस्त केला, असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि गेममधल्या त्या बाहुलीसाठी आपल्याकडे दुसरा शब्द आहे का?

चहाटळ

ताई, शब्द सासूबाईंनी आधीच स्वस्त केला होता. कॅमेरूनसाहेब फार नंतर आले.

मुळाक्षर

चहाटळ थट्टेत बरोबर बोलून गेले. ‘अव’ म्हणजे खाली आणि ‘तॄ’ म्हणजे तरणे, पार होणे. म्हणून अवतार म्हणजे खाली उतरणं. गंगावतरण त्यातलंच. दुसऱ्याचं वाक्य आपल्या लेखात उतरवून घेतो तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं देतो, तीही याच घराण्यातली. म्हणजे मुळात या शब्दात रूपाचा, कपड्यांचा, केसांचा काही संबंध नव्हता. महत्त्वाची होती ती दिशा.

मराठीने मात्र दिशा सोडली आणि रूप धरलं. आता क्रियापदं बघा. देव अवतार ‘घेतो’ किंवा ‘धारण करतो’. माणूस अवतार ‘करून घेतो’: “हा काय अवतार करून घेतलायस?” आणि मेला की अवतार ‘संपतो’, तोही बहुधा जरा खवचटपणे. बाबा चिडले की रुद्रावतार, वहिनी चिडल्या की चंडीचा अवतार. वर्तमानपत्राच्या मनोरंजन पुरवणीत दर आठवड्याला कोणीतरी ‘हटके अवतारात’ असतं, आणि जुनी स्कूटर ‘नव्या अवतारात’ बाजारात येते. यातल्या कशासाठीही संगणक लागला नाही. नवा शब्द शोधायचाही कंटाळा आहे मला, पण तो वेगळा विषय.

जॉयस्टिक

गेमवाल्यांच्या बाजूने थोडं बोलतो, कारण आरोप आमच्यावर आहे.

1985 साली रिचर्ड गॅरियट यांच्या अल्टिमा मालिकेतला चौथा खेळ आला. त्याच्या नावातच अवतार होता. तोवरच्या अशा खेळांत शेवटी एक महादुष्ट असायचा, त्याला मारलं की संपलं. या खेळात तसा महादुष्टच नव्हता. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता असे आठ गुण अंगी बाणवायचे, आणि ते जमले की तुम्ही ‘अवतार’. जादूची सामग्री विकणाऱ्या आंधळ्या दुकानदाराला कमी पैसे देता यायचे, कोणी अडवायचं नाही, पण तुमचे गुण मात्र उतरायचे. आता सांगा, यात स्वस्त काय झालं? आमच्याकडे ‘अवतारी पुरुष’ म्हणतात, त्या अर्थाच्या हे बरंच जवळ आहे. फक्त इथे देव खाली येत नाही, माणूस वर चढतो. मुळाक्षरांची दिशा उलटी.

शब्दाची बाहुली झाली ती पुढच्याच वर्षी. लुकासफिल्मच्या गेम विभागाने कमोडोर 64 या संगणकासाठी ‘हॅबिटॅट’ नावाचं जग काढलं. फोनच्या तारेवरून अनेक माणसं एकाच वेळी त्यात वावरायची, आणि पडद्यावरच्या प्रत्येकाच्या पुतळीला अवतार म्हणायचे. तिथे डोकं बदलता यायचं. खरंच, धडावरून डोकं काढायचं आणि यंत्रातून विकत घेतलेलं दुसरं लावायचं. दक्षाला बोकडाचं आणि गणपतीला हत्तीचं डोकं लावणाऱ्या देशातला शब्द त्यांनी घेतला, हा योगायोग मला फार आवडतो. पुढे 1992 मध्ये नील स्टीफन्सन यांच्या ‘स्नो क्रॅश’ कादंबरीने तो सगळीकडे नेला. त्यांना तो स्वतंत्रपणे सुचला होता. हॅबिटॅटवाल्यांनी आधीच वापरलाय हे नंतर कळलं, आणि तसं त्यांनी पुस्तकात नमूदही केलं.

बाकी सिनेमाबद्दल माझं मत: दृश्यं अफाट, गोष्ट पातळ. तिकिटाचे पैसे वसूल, पण कोणाचं नाव विचाराल तर दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

तिसरी घंटा

मी कोकणातला, तेव्हा दशावतार मध्ये आणल्याशिवाय राहवणार नाही. तिथे नावात दहा अवतार आहेत, पण रात्रभर बसलात तरी दहा दिसणार नाहीत. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, मग काळ्या कपड्यातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर येऊन मालवणीत धमाल उडवतो, आणि त्यानंतर पुराणातलं एखादं आख्यान. त्या रात्रीपुरता तो शब्द म्हणजे खेळाचं नाव. 2025 साली त्याच नावाचा मराठी सिनेमा आला, दिलीप प्रभावळकरांनी त्यात दशावतारी कलावंताचं काम केलं. तेव्हापासून मुंबईतल्या माझ्या भाच्यांना निदान एवढं कळलं की दशावतार म्हणजे नुसती देवांची यादी नव्हे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. लहानपणी पडद्यामागे शिरायची मुभा होती. पत्र्याच्या पेटीवर आरसा टेकवून नट स्वतःचं तोंड स्वतः रंगवायचे. दुपारी शेतात चिखल तुडवणारा माणूस तासाभरात द्रौपदी व्हायचा, आणि मध्ये विडी ओढताना पुन्हा आमचा बाबलीमामा. असं जे अंगावर चढवायचं आणि उतरवायचं, त्याला आपला शब्द आहे ‘सोंग’. लळितात सोंगं, भारुडात सोंगं, जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात तर मुखवटे घालून अख्ख्या देवांची सोंगं नाचवतात. सोंगात माणूस आत शिल्लक असतो. ताई, तुमच्या मुलीची ती जांभळ्या केसांची बाहुली म्हणजे सरळ सोंग आहे. अवतार म्हणायची गरज नाही.

चहाटळ

आणि म्हण तर तयारच आहे: सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. गेममधल्या एका जॅकेटला खरे चारशे रुपये मोजलेल्या बापाचा हा अनुभव समजावा.

पोथीनिशी

तिसरी घंटा यांचं ‘सोंग’ गेमसाठी मान्य. त्या निळ्या सिनेमाला मात्र ते लागू होणार नाही, म्हणून जरा लांबण लावते.

2009 च्या सिनेमात काय आहे? नायकाचे पाय गेलेले. माणूस आणि परक्या जगातले निळे नावी लोक यांच्या अंशांची मिसळ करून एक देह वाढवलाय, तोही मुळात त्याच्या जुळ्या भावासाठी. भाऊ गेला म्हणून हा आला. नायक पेटीत झोपतो आणि मनाने त्या दुसऱ्या देहात जागा होतो. याला आपल्याकडे हजार वर्षांपासूनचा शब्द आहे: परकायाप्रवेश. शंकराचार्य अमरू राजाच्या मृत देहात शिरल्याची कथा बहुतेकांनी ऐकली असेल. शिष्यांनी आचार्यांचा मूळ देह सांभाळून ठेवला होता, इथे सांभाळायला प्रयोगशाळा आहे. मांडणी तीच.

म्हणून मीही बरीच वर्षं म्हणत असे की सिनेमाचं नाव चुकलं. मग चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाचं वाङ्मय वाचायला घेतलं आणि गप्प बसले. महानुभाव विचारात अवतार घेण्याच्या तीन रीती सांगितल्या आहेत: गर्भ, पतित आणि दवडणे. गर्भ म्हणजे नेहमीसारखा जन्म. पतित म्हणजे प्राण गेलेल्या देहात येणं. आणि दवडणे म्हणजे जिवंत देहातल्या जिवाला दवडून, घालवून देऊन, तो देह घेणं. स्वतः चक्रधरस्वामींची कथा पतित प्रकारातली आहे. गुजरातेतल्या प्रधानाचा मुलगा हरिपाळ वारला, आणि पंथ ज्यांना ईश्वराचा आधीचा अवतार मानतो त्या चांगदेव राऊळांनी त्याच्या देहात अवतार स्वीकारला, असं परंपरा सांगते. तेराव्या शतकातलं मराठी गद्य परकायाप्रवेशाला निःशंकपणे अवतार म्हणतंय. मग कॅमेरूनला नावं ठेवायला मी कोण?

शिवाय दिशा बघा. तो नायक आकाशातून, दुसऱ्या ग्रहावरून ‘खाली’ येतो. मुळाक्षर, तुमची ‘अव’ची अटसुद्धा पूर्ण होते. अडतं ते एवढ्यावरच की विष्णू येतो तो धर्माची घडी बसवायला, आणि हा येतो खाणकंपनीचा हेर म्हणून. मन पुढे बदलतं ते वेगळं.

मुळाक्षर

‘दवडणे’ हा शब्द असा वापरलेला मला माहीतच नव्हता. आज आपण फक्त संधी आणि वेळ दवडतो. धन्यवाद, आजचा दिवस सार्थकी लागला.

जॉयस्टिक

पोथीनिशी, मग ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ कुठे बसवाल? 2005 ची ती अमेरिकन कार्टून मालिका मी कॉलेजात असताना पाहिली आणि आजही वादासाठी कंबर कसून तयार आहे की असल्या अद्भुत गोष्टींमध्ये तिच्या तोडीचं फारसं काही नाही. त्यात एक अवतार मेला की दुसऱ्या लोकांत बाळ म्हणून जन्मतो, ठरलेल्या क्रमाने: वायू, जल, पृथ्वी, अग्नी. त्या बाळाला आधीचं काही आठवत नाही, शिकावं लागतं. खेळणी समोर ठेवून त्याने कोणती उचलली यावरून ओळखतात. 2010 मध्ये तिच्यावर सिनेमा निघाला तेव्हा नावातून ‘अवतार’ गाळावा लागला, कारण तोवर निळी माणसं आली होती. सिनेमा इतका रटाळ निघाला की नाव गेलं ते बरंच झालं.

पोथीनिशी

मला तो अवतार वाटत नाही. आधीच्या जन्मीच्या वस्तू ओळखायला लावणं ही तिबेटी रीत, दलाई लामांच्या बाबतीत सांगतात ती. आपल्या हिशेबात तो पुनर्जन्म. पुनर्जन्माला निवड नसते, कर्म ओढून नेतं. अवतार आपणहून घ्यायचा असतो. तसं पाहिलं तर तुमच्या गेममधल्या तीन ‘लाइफ’ म्हणजेसुद्धा पुनर्जन्मच, आणि तोही मागच्या चुका आठवणारा. फार भाग्यवान जीव.

जॉयस्टिक

तीन कसल्या, तीस! नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत एकाकडे टीव्ही गेम होता. पिवळी कॅसेट फुंकर मारून लावायची. ‘कॉन्ट्रा’ या गोळीबाराच्या खेळात वर वर, खाली खाली, डावं उजवं डावं उजवं आणि मग बी, ए दाबलं की तीस लाइफ. दहा पोरं रांगेत उभी.

आणि आत्ता लिहिताना लक्षात आलं, त्या पडद्यावरच्या माणसाला आम्ही काहीच म्हणत नव्हतो. अवतार नाही, सोंग नाही, फार तर ‘तो लाल चड्डीवाला माझा’. गोळी लागली की ओरडायचो, “मेलो!” माझा माणूस मेला असं कोणी म्हणत नसे. मीच मेलो, आता तुझी पाळी. शब्द लागतो तो बाहेर उभं राहून बघणाऱ्याला.

तिसरी घंटा

हे दशावतारातही तसंच, भाऊ. नट म्हणतो, “आज माका द्रौपदी आसा.” बाहेरचे म्हणतात, काय सोंग वठवलंय!

चहाटळ

विषयांतर, पण आवरत नाही. अवतार इंग्रजीत जाऊन परत आला, तशी ‘लूट’ही आलीय. आमचे चिरंजीव रणगाड्याच्या आवाजात ओरडतात, “लूट घे, लूट घे, झोन येतोय!” हा आपलाच शब्द, साहेब भारतातून घेऊन गेला आणि गेममध्ये घालून आपल्यालाच विकतोय. पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब, पैसे आधी. शिवाजी महाराजांनी सुरत दोनदा लुटली, 1664 आणि 1670 मध्ये, पण त्यासाठी सुरतेला आगाऊ पैसे भरले नव्हते.

मुळाक्षर

लुटणे मराठीत गोडही आहे, हे विसरू नका. आनंद लुटतो, दसऱ्याला सोनं लुटतो. त्यात कोणाचं काही जात नाही, आपट्याचं झाड सोडून. यावर वेगळा धागा काढू या.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. माझं पहिलं मत मागे घेते, सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मग? मी काय वेगळं म्हणत होते?”

कन्येला ‘सोंग’ सुचवून पाहिलं. ती विचारात पडली आणि म्हणाली, “सोंग म्हणजे मी सोमवारी पोट दुखतंय म्हणून करते ते ना?” तर तो शब्द आमच्या घरात आधीच कामाला लागलेला आहे. बाहुली अवतारच राहील. तिचे केस आता हिरवे झालेत, आणि त्या हिरव्या केसांचे खरे दीडशे रुपये मागितले जात आहेत.