मराठीत बोलणारे क्वीअर-अफर्मेटिव्ह (म्हणजे गे-लेस्बियन वगैरे असणं नॉर्मलच मानून आधार देणारे) काउन्सेलर कोल्हापूर-सांगलीकडे कोणी माहितीयेत का? मदत हवी आहे

माझा धाकटा भाऊ गे आहे, घरी सांगितल्यापासून आईबाबा पार हादरलेत आणि कोणीतरी सुचवलं म्हणून त्याला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले, तिथे त्यांना सांगितलं की औषधं चालू करू, सहा महिन्यांत 'नॉर्मल' होईल, मग लग्न लावून द्या. तेव्हापासून पोरगं नीट जेवतही नाहीये. अहो २०२२ मध्येच नॅशनल मेडिकल कमिशनने कन्व्हर्जन थेरपी (म्हणजे गे माणसाला 'बदलण्याचे' असले उपचार) हे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलंय, तरी हे सर्रास चालूच आहे, फार राग येतो.

मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा काउन्सेलर लोकांसाठी क्वीअर अफर्मेटिव्ह कोर्स आहे, तो केलेलं कोणी माहितीत असेल तर फारच बरं. भावाला ऑनलाइन इंग्लिशमध्ये चालेल पण आईबाबांना मराठीतच लागेल, आणि त्यांच्याशी न ओरडता, धीराने बोलणारं कोणीतरी हवंय, कारण ते वाईट नाहीत हो, घाबरलेत. सेशनची फी साधारण किती असते, कमी-जास्त करतात का? पुण्यात समपथिक ट्रस्टकडे (गे वगैरे लोकांसाठी काम करणारी संस्था) पालकांना घेऊन कोणी गेलंय का, अनुभव सांगा प्लीज. इनबॉक्स केलंत तरी चालेल, भावाचं नाव मात्र विचारू नका.