शब्दचर्चा: 'वॉरंट' नक्की कुणाच्या सहीचं?

रेघोटी
न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांसाठी खिशात मावेल असं हक्कांचं कार्ड मराठीत करायचं चाललंय. एका ओळीवर अडलंय: 'ज्युडिशियल वॉरंट नसेल तर दार उघडू नका.' इमिग्रेशनवाले घेऊन येतात ते आय-२०० (अटकेचं) आणि आय-२०५ (देशाबाहेर काढण्याचं) हे दोन्ही कागद स्वतःला वॉरंटच म्हणवतात, पण त्यांवर सही खात्याच्याच अधिकाऱ्याची असते. राहणाऱ्याची संमती नसेल तर त्या बळावर घरात शिरता येत नाही, ही वर्षानुवर्षांची समज. 'न्यायालयीन अधिपत्र' आणि 'प्रशासकीय अधिपत्र' लिहिलं तर दोन्ही सारखीच जड वाटतात. फरक दोन शब्दांत कसा दाखवायचा?

मोडीवाचक
अधिपत्र हाच शब्द ठेवा. महापौर आणि दिनांक यांनाही सुरुवातीला लोक हसलेच होते.

चिंचगूळ
दिनांक रुळायला वेळ होता. इथे दारावर थाप पडलेली असते. आपल्याकडे कोर्टातसुद्धा 'पकड वॉरंट' म्हणतात, तेव्हा वॉरंट मराठीच झालाय. 'कोर्टाचं वॉरंट' आणि 'खात्याचं वॉरंट' करा, झालं.

तिरपी ओळ
'कोर्टाचं'मध्ये एक खाच आहे. तिकडे 'इमिग्रेशन कोर्ट' आणि 'इमिग्रेशन जज' असतात. हे जज न्याय खात्याचे नोकर, न्यायव्यवस्थेचे नव्हेत, आणि घरात शिरायचं वॉरंट काढायचा अधिकार त्यांना नाही. म्हणून वर 'युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट' किंवा राज्याच्या कोर्टाचं नाव आहे का, खाली जज किंवा मॅजिस्ट्रेट जजची सही आहे का आणि पत्ता बरोबर आहे का, हे बघावं लागतं. वर नुसतं 'होमलँड सिक्युरिटी' असेल तर तो खात्याचा कागद. दार न उघडता कागद फटीखालून सरकवायला किंवा खिडकीला लावायला सांगायचं, हेही कार्डावर हवं.
आणि मॅजिस्ट्रेटला 'दंडाधिकारी' करू नका. आपल्या डोक्यात तहसीलदारही कार्यकारी दंडाधिकारी असतो, म्हणजे अधिकाऱ्याची सही चालते असाच अर्थ निघेल.

रेघोटी
हे फार कामाचं. मग 'जजच्या सहीचं वॉरंट'?

पाणवठा
आय-२०५च्या बाबतीत ती जुनी समज सरकारनेच अलीकडे वादात ओढली आहे, त्यामुळे 'शिरूच शकत नाहीत' असं ठाम लिहू नका. 'माझी संमती नाही' हे मोठ्याने म्हणायचं वाक्य इंग्रजीतही द्या, देवनागरीत लिहून. घुसलेच तर अंगाला हात लावून अडवायचं नाही, हेही लिहा.
बाकी मूळ कार्डात 'रिमूव्हल', म्हणजे देशाबाहेर काढणं, असेलच. त्याचं काय केलंत?

मोडीवाचक
निष्कासन.

चिंचगूळ
निष्कासन महापालिका अनधिकृत शेडचं करते हो!

मोडीवाचक
मग तडीपार. अस्सल शब्द. तड म्हणजे काठ; 'काम तडीस नेणे'मधली तीच तड.

तिरपी ओळ
व्युत्पत्ती पटली, वापर नाही. तडीपारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ५५ ते ५७ खाली होते; एका जिल्ह्यातून किंवा आसपासच्या भागातून, जास्तीत जास्त दोन वर्षं. शिवाय तडीपार म्हटलं की गुंड डोळ्यांसमोर येतो. राहायच्या परवानगीची मुदत उलटून राहणं हा तिकडे दिवाणी मामला आहे. ५ फेब्रुवारी २०२५ला १०४ जणांना घेऊन अमृतसरला जे विमान उतरलं, त्यात महाराष्ट्राचेही तिघे होते. त्यांना 'तडीपार' म्हणाल का? हद्दपार चालेल.

मोडीवाचक
हद्द अरबी आहे.

चिंचगूळ
वकील, कायदा, शाई, सगळं बाहेरचंच. कार्ड छापायचंच नाही का मग?

ओसरी
'परत पाठवणी' कशी वाटते?

चिंचगूळ
नवरी निघाली वाटतं.

पाणवठा
'सँक्चुअरी सिटी'चा घोळ याहून मोठा आहे. 'अभय शहर' पाहिलंय मी छापलेलं. अभय कुणी दिलंय? इमिग्रेशनवाले तिथे येऊ शकतात, अटक करू शकतात. स्थानिक पोलीस त्यांची मदत मर्यादित करतात, एवढंच. न्यू जर्सीत हे २०१८च्या 'इमिग्रंट ट्रस्ट डायरेक्टिव्ह'ने ठरलं. उलट टोकाला '२८७-जी' करार, १९९६च्या कायद्यातला. त्यात स्थानिक पोलीसच इमिग्रेशनचं काम करतात. त्यामुळे 'असहकार शहर' जास्त खरं.

ओसरी
असहकार म्हटलं की चरखा दिसतो! पण अभयारण्यापेक्षा बरं.

तिरपी ओळ
तसंच 'डिटेनर'चं, म्हणजे आय-२४७ए. तुरुंगातून सुटायच्या वेळेनंतर ४८ तासांपर्यंत माणसाला धरून ठेवा, असा इमिग्रेशनवाल्यांचा तुरुंगाला कागद. मराठीत सर्रास 'स्थानबद्धता आदेश' करतात. आदेश नाही तो, विनंती आहे. न्यू जर्सी ज्याच्या अखत्यारीत येतं त्या अपील कोर्टाने २०१४मध्ये तसं स्पष्ट म्हटलं. आदेश लिहिलात तर तुरुंगाचा नाइलाज होता असं वाटतं, आणि नातेवाईक जामिनाच्या खटपटीलाच लागत नाहीत. वकील लगेच गाठायला हवा तो याच वेळी.

मोडीवाचक
'अटकाव-विनंती' करा. अटक किल्ल्यावरूनच आलेला शब्द.

ओसरी
उलटं असेल. अडवणारी जागा म्हणून किल्ल्याला ते नाव.

मोडीवाचक
पुरावा?

पाणवठा
रेघोटी, छापण्याआधी आणखी एक: कुठेही 'व्हिसा संपला' लिहू नका. शिक्क्याची तारीख उलटली तरी राहणं बेकायदा होत नाही. मोजायची ती आय-९४वरची, म्हणजे देशात शिरल्याच्या नोंदीवरची, तारीख. 'मुक्कामाची मुदत' म्हणा.

मोडीवाचक
मुक्कामही अरबीच. 'वास्तव्याची'.