शिवाजी की राणी चन्नम्मा? सोमवारपर्यंत ठरवायचंय, पटकन सांगा

दूधगंगाकाठ (गुरुवार, रात्री ९.४०)
नमस्कार मंडळी. बहिणीची सेकंड पीयूसी (कर्नाटकातली बारावी) झाली, ८१ टक्के. आता शिवाजी विद्यापीठ घ्यावं की राणी चन्नम्मा, यावरून घरात चार दिवस भांडण चाललंय. बाबा म्हणतात शिवाजी, मामा म्हणतात आरसीयू (राणी चन्नम्मा), आई म्हणते जिथून संध्याकाळी लवकर घरी येईल तिथं. सोमवारी फी भरायची आहे. अनुभव असलेल्यांनीच सांगा. 'दोन्ही चांगली आहेत' असलं उत्तर नको.

कडोलीकर (रात्री ९.५२)
कोर्स कुठला? गाव कुठलं? आर्ट्स, सायन्स, कॉमर्स काहीच लिहिलं नाहीस. डोळे झाकून दगड मारायचा काय आम्ही?

सीमावासी (रात्री ९.५५)
यात विचारायचं काय? शिवाजीच. आपल्या भाषेचं, आपल्या माणसांचं विद्यापीठ. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून १९५६ पासून आपण झगडतोय ते काय उगाच? पोरांनीच तिकडं पाठ फिरवली तर सुप्रीम कोर्टातला २००४ चा दावा कुणासाठी लढायचा?

रसायन_पीएचडी (रात्री १०.०३)
झालं सुरू. अहो, पोरीची अ‍ॅडमिशन आहे ही, मोर्चा नव्हे.

सीमावासी (रात्री १०.०६)
तुम्हाला पगार मिळतोय म्हणून बोलताय.

मास्तर_निवृत्त (रात्री १०.२०)
आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. बेळगाव जिल्ह्यातली सगळी कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची. गंमत म्हणजे ते विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं मुंबईत, मग धारवाडला आलं. कोल्हापूरची कॉलेजं तेव्हा पुण्याला जोडलेली होती, शिवाजी विद्यापीठ झालं १९६२ ला. राणी चन्नम्मा तर २०१० चं. त्याआधी भूतरामनहट्टीला धारवाडचं पीजी सेंटर होतं. मी स्वतः एम.ए.चा पेपर द्यायला धारवाडला पहाटेच्या पॅसेंजरनं जायचो. डब्यात आईनं दिलेली भाकरी आणि...

कडोलीकर (रात्री १०.२२)
सर, भाकरीचं नंतर. धागाकर्ता कुठं गेला?

दूधगंगाकाठ (रात्री १०.४१)
जेवत होतो. बी.एस्सी. करायची आहे. गाव भोज.

कडोलीकर (रात्री १०.४४)
अरे मग निपाणीच की! हे आधी सांगायला काय झालं होतं? म्हणजे प्रश्न देवचंद की बागेवाडी कॉलेज असा आहे. विद्यापीठाचं नाव कशाला पुढं करूलालास?

तंबाखू_वखार (रात्री १०.५८)
बाहेरच्यांना कळायचं नाही म्हणून सांगतो. देवचंद कॉलेज निपाणीचंच म्हणतात सगळे, पण ते आहे अर्जुननगरला. अर्जुननगर म्हणजे कागल तालुका, कोल्हापूर जिल्हा, महाराष्ट्र. त्यामुळं ते शिवाजी विद्यापीठाचं. निपाणी गावातलं जी. आय. बागेवाडी मात्र कर्नाटकात, म्हणून राणी चन्नम्माचं. एकाच स्टँडवर उतरायचं आणि कुणी महाराष्ट्रात जायचं, कुणी कर्नाटकात राहायचं. माझा भाचा आणि त्याचा वर्गमित्र दहावीपर्यंत एका बाकावर बसले, नंतर दोघांना दोन राज्यांची मार्कशीट.
आणि आईंना सांग, शक्ती योजना, म्हणजे कर्नाटकातला बायकांचा फुकट बसप्रवास, दोन्हीकडं उपयोगी. भोज ते निपाणी वायव्य कर्नाटक परिवहनच्या साध्या बसला तिला तिकीट नाही. अर्जुननगरला पुढं रिक्षा नाहीतर पाय.

घाटगे_मेस (रात्री ११.१०)
कोल्हापूरला पाठवा सरळ. राजारामपुरीत आमच्या ओळखीची मेस आहे, महिन्याला परवडते, गुरुवारी तांबडा-पांढरा.

रसायन_पीएचडी (रात्री ११.१२)
निपाणीत कॉलेज असताना चाळीस किलोमीटर लांब पोरीला ठेवायचं, ते तांबड्या रश्श्यासाठी?

इंजि_बाबा (शुक्रवार, सकाळी ७.१५)
८१ टक्के आहेत तर बी.एस्सी. कशाला? इंजिनिअरिंगला जा. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या आपल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्राच्या कॅप राउंडमध्ये (केंद्रीय प्रवेश फेरीत) सीमाभागाचा वेगळा प्रकार असतो, प्रोफॉर्मा जी-१ आणि जी-२ लागतात. एक रहिवासाचा, एक मातृभाषा मराठी असल्याचा. माझ्या मुलानं तसाच प्रवेश घेतला. शिवाय महाराष्ट्रात मुलींना फी माफ आहे.

कडोलीकर (सकाळी ७.३०)
सीईटी दिली आहे काय तिनं? एमएचटी-सीईटी न देता कॅप राउंड कुठून आला? बी.एस्सी.ला असलं काही लागत नाही, कॉलेजात मेरिट लागतं आणि प्रवेश होतो. मुलींच्या फी माफीचा २०२४ चा तो निर्णयही व्यावसायिक कोर्सेसाठी आहे, साध्या बी.एस्सी.ला त्याचा उपयोग नाही. विचारलेलं सोडून सगळं सांगायचं.

इंजि_बाबा (सकाळी ७.३३)
माहिती दिली तर राग का येतो लोकांना?

खानापूरची_पोरगी (सकाळी ८.०५)
मी आरसीयूच्या कॉलेजातून बी.एस्सी. केली, खानापूरहून रोज बेळगाव. खरं सांगू? वर्गात इंग्रजीच, परीक्षा इंग्रजीच. 'भाषेचं विद्यापीठ' वगैरे सायन्सला फार कळत नाही. फरक पडतो तो दोन भाषा विषयांत. कॉलेजात मराठी शिकवायला माणूस आहे का, ते ऑफिसात नाही, वर्गात जाऊन विचारा. ऑफिसात हो म्हणतात. आमच्याकडंही म्हणाले होते, मग पहिला महिनाभर रिकाम्या खोलीत बसलो.
कन्नड येत नसेल तर पुढं कर्नाटकात सरकारी नोकरी अवघड. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

मामा_पार्टी (सकाळी ८.४०)
मामांच्या बाजूनं बोलतो. निकाल! मी ज्या विद्यापीठात होतो (नाव घेत नाही, दोन्हीकडचे भांडतील) तिथं तिसऱ्या वर्षाची मार्कशीट हातात यायला इतका उशीर झाला की बी.एड.ची तारीख गेली. शेजारच्या घरी जाऊन विचारा, ज्यांची पोरं आत्ता शिकताहेत त्यांना. विद्यापीठाचं नाव जुनं की नवं यावर जाऊ नका.

दूधगंगाकाठ (सकाळी ९.२०)
सगळ्यांचे आभार, पण एकानंही सांगितलं नाही की कुठलं घ्यायचं. जात मराठा, कर्नाटकात ३बी या मागास गटात. शिष्यवृत्तीचं काय? आणि पावसाळ्यात कॉलेजला पोचायचं कसं? गेल्या वेळी पूल पाण्याखाली गेला तर तीन दिवस घरात.

तंबाखू_वखार (सकाळी ९.४५)
हे घे, आता एकेक नवीन काढतोय. भावा, पूल बुडाला की दोन्ही कॉलेजं सारखीच लांब. एक बुडाला की दुसऱ्या पुलाचं बघायचं, तोही बुडाला तर गप घरात बसायचं. वेदगंगेला विद्यापीठ कळत नाही.

रसायन_पीएचडी (सकाळी १०.१०)
३बीचं ऐक. ते कर्नाटकाचं सर्टिफिकेट. महाराष्ट्रात त्यावर आरक्षण नाही. देवचंदला घेतलं तर तिला खुल्या गटात धर आणि फी पूर्ण धर. माफी आहे असं कुणी सांगितलं तर कॉलेजच्या ऑफिसातून कागदावर लिहून घे. बागेवाडीला घेतलं तर कर्नाटकाचं आरक्षण, एसएसपी या कर्नाटक सरकारच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती, सगळं नेहमीसारखं.
पण मला मुख्य गोष्ट वेगळी वाटते. बी.एस्सी.नंतर ती काय करणार? एम.एस्सी. करायची असेल तर जिथं करायची तिथलीच पदवी असलेली बरी. पीजीला आपल्या विद्यापीठाच्या मुलांना आणि बाहेरच्यांना जागा वेगवेगळ्या असतात, बाहेरच्यांना कमी. कोल्हापूर हवं असेल तर देवचंद, राणी चन्नम्मा हवं असेल तर बागेवाडी. नोकरी महाराष्ट्रात हवी असेल तर पदवी कुठलीही चालते, ८६५ गावांच्या यादीत गाव असलं आणि पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला असला की जाहिरातीत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. तो दाखला आत्ताच काढायला घ्या, भरतीच्या आठवड्यात तहसीलदार भेटत नाहीत.

सीमावासी (सकाळी १०.२५)
म्हणजे शेवटी मी म्हणत होतो तेच!

रसायन_पीएचडी (सकाळी १०.२७)
नाही. नीट वाचा.

सीमावासी (सकाळी १०.३१)
तुम्ही कुठल्या गावचे?

कडोलीकर (सकाळी १०.४०)
एक राहिलं. बंद आणि बसबंदी. २०२२ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या फेब्रुवारीत कोल्हापूरच्या एसट्या थांबल्या होत्या. कोल्हापुरात राहणाऱ्यांचे हाल झाले, निपाणीत शिकणाऱ्याला भोजहून यायला तेव्हाही आपलीच बस होती. म्हणून मेसवाल्याचं ऐकू नका.

घाटगे_मेस (सकाळी १०.४४)
मेसला का ओढता मध्ये?

दूधगंगाकाठ (शुक्रवार, रात्री ११.०२)
मी बहीणच लिहितेय. दादा झोपलाय, त्याचा फोन माझ्याकडं आहे. सगळं वाचलं. मला कुणी विचारलंच नाही हो, घरातही नाही. मी आणि मैत्रीण बुधवारीच दोन्ही कॉलेजं बघून आलोय. मला केमिस्ट्री मुख्य घ्यायची आहे आणि पुढं एम.एस्सी. कोल्हापूरलाच करायची आहे, म्हणून देवचंद. मैत्रीण बागेवाडीला जाणार आहे, तिला बी.एड. करून शिक्षक व्हायचंय, तिचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे. फी जास्त बसेल हे मलाही कळतं, वरच्यांनी ३बीचं सांगितलं ते मी उद्या घरी सांगेन, भांडण वाढेल.
एकच विचारायचंय. महाराष्ट्रात प्रवेशाला मायग्रेशन (बोर्ड बदलल्याचा दाखला) लागतं म्हणतात, ते पीयू कॉलेजातून मिळतं की बोर्डाकडून?

खानापूरची_पोरगी (रात्री ११.१५)
शाब्बास गं. टीसी कॉलेजातून, मायग्रेशन बोर्डाकडून. त्याला दिवस लागतात. सोमवारी देवचंदला टीसी आणि मार्क्स कार्ड दाखव, मायग्रेशन नंतर देते असं हमीपत्रावर लिहून दे, घेतात का ते विचार. आणि पात्रता प्रमाणपत्राचा अर्ज कुठं भरायचा तेही त्याच खिडकीवर विचार, परत परत हेलपाटे नकोत.

दूधगंगाकाठ (रात्री ११.१८)
ठीक. धन्यवाद ताई. उद्या शनिवार, आमचं पीयू कॉलेज अर्धा दिवस असतं, सकाळी पहिल्या बसनं जाते.

मास्तर_निवृत्त (शनिवार, सकाळी ६.५०)
भोजची पहिली बस किती वाजता असते हल्ली? आमच्या वेळी...

इंजि_बाबा (सकाळी ७.०५)
मुलीनं बी.एस्सी. घेतली तरी पुढच्या वर्षी सीईटी द्यायला हरकत नाही.

अथणी_बंधू (सकाळी ७.४०)
धागा वाचला. माझ्या मुलाला बीसीए करायचं आहे, अथणीत. पीयूसीत कॉमर्स होतं, गणित नव्हतं. चालेल काय? तातडीनं सांगा.